हॉलमधून सरळ चालण्याचा व्यायाम

१

आमच्या बोरी गावात उजाडल्याशिवाय कुणी पळायला जात नाही. चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. मी सातला निघायचे, मोबाइलवर गाणी मोठ्यांदा लावायचे, म्हणजे कोण येतंय ते त्याला आधीच कळावं, आणि कॅनॉलच्या रस्त्याने चार चकरा मारायचे. पोलीस भरतीचं मैदान चोवीस दिवसांवर आलं होतं. आठशे मीटर. त्यात मी नापास झाले तर आळेफाट्याच्या गॅरेजवाल्या स्थळाला होकार द्यायचा, असं पप्पांनी ठरवलं होतं. पास झाले तर वर्षभर लग्नाचं नावही काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आमच्या घरात करार असेच होतात. दोघं आपापलं ठरवतात आणि चहा पितात.

त्या सकाळी मी पळून आले आणि पाणी प्यायला त्याच वेगाने हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाले. नजर मोबाइलवर होती. हॉलच्या मधोमध पाय कशाला तरी आपटला आणि मी डावा घोटा मुरगळून सोफ्यापर्यंत घसरत गेले.

आमच्या हॉलमध्ये पाय आपटावा असं काही नाही. घर दोन वर्षांपूर्वीचं, फरशी आरशासारखी. पप्पांना मोकळा हॉल लागतो, त्यामुळे सोफा एका भिंतीला, टीव्ही दुसऱ्या, आणि मध्ये नुसती फरशी. मी घोटा धरून मागे बघितलं. नुसती फरशी होती.

"बघून चालावं," दाराजवळच्या खुर्चीतून आत्या म्हणाली. साळुबाई आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच असते आणि तिचं मत सगळीकडे असतं.

"काय बघून? काही नाहीये तिथे!"

"म्हनून तर म्हनते. बघून चालावं."

मी बी.एस्सी. झालेय. असल्या वाक्यांना मी उत्तर देत नाही. पण एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. पाय ज्याला आपटला ते कडक नव्हतं.

२

श्रेया माझी शाळेपासूनची मैत्रीण. नारायणगावात तिचं दोन खाटांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिने घोटा दाबला, फिरवला, मी ओरडल्यावर समाधानाने मान हलवली आणि पट्टी बांधली. दहाव्या दिवशी म्हणाली, "बरा झाला. पळ."

मी कॅनॉलवर पळाले. पाय सरळ पडत होता. घरात आले आणि लंगडले.

फक्त हॉलमध्ये, आणि तेही मधोमध. तिथे आलं की डावा पाय आपोआप वीतभर वर उचलला जायचा आणि लांब पडायचा. मी मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला, व्हिडिओ काढला आणि श्रेयाला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"हर्षे, हे लंगडणं नाही. लंगडणारा माणूस पाय टेकवायला घाबरतो. तू पाय उचलतेयस. काहीतरी ओलांडल्यासारखा."

"तिथे ओलांडायला काहीच नाहीये."

"ते तुला माहितीय. तुझ्या मेंदूला कुठे माहितीय?"

मग तिने मला समजावलं. लागलं की मेंदू दुखरी बाजू सांभाळून चालण्याची नवी पद्धत बसवतो. दुखणं जातं, पण पद्धत राहते. लागलं ती जागासुद्धा तो लक्षात ठेवतो. "तीन आठवड्यांत अशी सवय पक्की होते. त्याआधी मोडायची. रोज चाळीस वेळा, मोठ्याने मोजत, त्या जागेवरून सरळ चालायचं. पाय उचलायचा नाही. मेंदूला पटवायचं की इथे काही नाही."

"आणि नाही मोडली तर?"

"तर पळताना पण उचलशील. मग गॅरेजवाल्याला विचार, हळदीला काय नेसू."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चकरेत, सपाट रस्त्यावर, माझा डावा पाय एकदा उगाच उचलला गेला. मैदानाला तेरा दिवस राहिले होते.

३

व्यायाम सुरू करायच्या आधी मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला. मागे पप्पा चहाचा कप घेऊन सोफ्याकडे जाताना दिसत होते. ते सरळ गेले नाहीत. मधोमध आल्यावर वळसा घालून गेले.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. आई वळसा घालायची. शेजारचं मांजर वळसा घालायचं. आई फरशी पुसून उठली की मधोमध एक पट्टा कोरडा राहायचा, माणसाएवढा लांब आणि हातभर रुंद.

"आई, इथे राहिलंय."

"कुठं राहिलंय? पुसलं की समदं," आई त्या पट्ट्याकडे बघत म्हणाली.

पप्पांना विचारलं तर म्हणाले, "तुझं बघून लागली आसंल सवय. येकाला जांभई आली की दुसऱ्याला येतीच की." बावीस वर्षांत पप्पांचं पहिलं स्पष्टीकरण मला पटलं. श्रेयाही म्हणाली, असं होतं, माणसं नकळत एकमेकांची चाल उचलतात. मी दोन दिवस निवांत होते.

मग ते आळेफाट्याचं स्थळ घरी आलं. "नुसता चहा," असं पप्पा म्हणाले होते, पण आईने पोह्यांवर खोबरं घातलं, तेव्हाच मी समजले. मुलगा गोरख, त्याचे वडील आणि आई. तिघांनी आमच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. मी आतल्या दारात उभी राहून बघत होते. पुढे वडील आले आणि हॉलच्या मधोमध वळले. मागून मुलाची आई आली, तिने साडी जराशी सावरून धरली आणि वळली. शेवटी गोरख. त्याने एक पाय उचलला, विचार बदलला, आणि बाजूने गेला.

यांनी माझी चाल कधी बघितली होती?

"बसा, बसा," पप्पा हळू आवाजात म्हणाले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझे पप्पा, दादाभाऊ, यांची हाक नदीपलीकडच्या रानात ऐकू जाते. हॉलमध्ये मात्र ते कितीतरी दिवस दबक्या आवाजात बोलत होते. आम्ही सगळेच बोलत होतो. टीव्हीचा आवाज आठवर होता. मुलाच्या आईने पाण्याचा पेला सोफ्याशेजारच्या टेबलावर ठेवताना खाली बोट धरलं, वाजू नये म्हणून.

मी पोहे घेऊन निघाले. मधोमध डावा पाय उचलला गेला.

"पायाला काय झालंय?" मुलाच्या आईने कुजबुजत विचारलं.

"मुरगळला होता."

"व्हील अलाइनमेंट गेल्यावानी वाटतंय," गोरख हळूच म्हणाला. मग फरशीकडे बघत आणखी हळू, "पन गाडीत न्हाई, रस्त्यातच काय तरी हाय."

मुलगा तसा वाईट नव्हता. त्यामुळे मला जास्तच राग आला.

४

मला राग आला की मी कामाला लागते. पाहुणे गेल्या गेल्या सुरू केलं.

समोरच्या दारातून आत यायचं, हॉलमधून सरळ चालत स्वयंपाकघरात जायचं. मोबाइल ओट्यावर चालू असायचा आणि श्रेयाला पाऊल समोरून बघायचं होतं, म्हणून त्याच वाटेने मागे न येता मी परसदाराने बाहेर पडायचे आणि घराला वळसा घालून, गोठ्यावरून, पुन्हा समोरच्या दारात. चाळीस वेळा. गोठ्यातली म्हैस पहिले दोन दिवस मान वर करून बघायची, मग तिनेही नाद सोडला.

पहिल्या दिवशी चाळीसपैकी चाळीस वेळा पाय उचलला गेला. दुसऱ्या दिवशी छत्तीस.

"आगं नको वलांडू," आत्या खुर्चीतून म्हणाली.

मी थांबले. "काय नको ओलांडू?"

आत्या बुचकळ्यात पडली. "काय की. तोंडातनं निघालं."

"आत्या, काही माहीत असेल तर स्पष्ट सांग."

"मला काय म्हाईत आसनार? मी आपली हितं बसलेली." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "वलांडतीसच तर उलटं तरी वलांड माघारी. येकाच बाजूनं किती येळा."

आमच्याकडे निजलेल्या माणसाला ओलांडत नाहीत. चुकून ओलांडलं तर आलो त्या बाजूला उलटं ओलांडून जायचं, म्हणजे फिटलं. लहानपणी मी पप्पांना असं शंभरदा ओलांडलंय. पण तिथे पप्पा असायचे!

"कोण निजलंय इथे?" मी ओरडले. त्या हॉलमध्ये कितीतरी दिवसांनी कुणी ओरडलं असेल. आत्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्याच बोटाकडे नवलाने बघितलं.

पप्पांना सांगितलं, तर त्यांनी रानातलं सांगितलं. "उसात बिबट्या बसलेला आसला की आपुन काय करतो? बाजूनं जातो. त्याचं त्यो उठून जातो. कशाला डिवचायचं?"

"पप्पा, ही फरशी आहे. ऊस नाही."

"मंग चाल की. मी कुठं आडवलंय?" असं म्हणून ते वळसा घालून टीव्हीपाशी गेले.

मी रोज चालले. चाळीस, चाळीस, चाळीस. पाचव्या दिवशी पाय सातदाच उचलला गेला. सहाव्या दिवशी शेवटच्या फेरीला मी दात-ओठ खाऊन डावा पाय त्या जागेवर सपाट टेकवला. पूर्ण तळवा. फरशी गार नव्हती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर अंथरूण असतं, तशी होती.

त्यानंतर एकदाही पाय उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आईने हॉल पुसला, तो सगळाच्या सगळा ओला झाला. पप्पा सरळ चालत टीव्हीपाशी गेले आणि आवाज तीसवर नेला. मांजर मधोमध पसरलं. मी श्रेयाला मेसेज केला, "मेंदूला पटलं." तिने टाळ्या पाठवल्या. फक्त आत्याने पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली आणि दिवसभर घरभर कुणाला तरी शोधल्यासारखी बघत राहिली.

"काय शोधतेयस?"

"उठलं तर गेलं कुठं?" आत्या म्हणाली.

५

मैदानावर मोबाइल न्यायला परवानगी नव्हती. छातीवर नंबर, पायात नवे बूट आणि ओळीत आम्ही पंधरा मुली. कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदाच गाण्याशिवाय पळणार होते. शिट्टी झाली.

पहिले शंभर मीटर सगळ्यांच्या पावलांचा एकच गलका होता. मग मुली पांगल्या आणि मला माझ्या मागचं पाऊल वेगळं ऐकू यायला लागलं. एक पाऊल पूर्ण पडायचं. दुसरं घासत यायचं. थप्, सर्र. थप्, सर्र. लंगडणारी मुलगी मैदानात कशी आली, असं मला वाटलं, आणि लंगडत असून ती इतकी जवळ कशी, असंही. वळणावर मी मागे बघितलं.

मागची मुलगी वीस फुटांवर होती आणि ती अजिबात लंगडत नव्हती.

थप्, सर्र.

तेव्हा मला दोन गोष्टी एकदम समजल्या. कॅनॉलवर मी गाणी लावत होते म्हणून मला हे ऐकू आलं नव्हतं. आणि त्या सकाळी हॉलमध्ये आपटून फक्त मलाच लागलं नव्हतं.

पुढचं मला फारसं आठवत नाही. मी आयुष्यात तशी पळाले नव्हते. रेषा ओलांडल्यावर घड्याळवाले हवालदार म्हणाले, "पोरी, मागं काय वाघ लागला व्हता का?" मला वीसपैकी वीस गुण मिळाले.

माझ्यानंतर आलेली शिरूरची मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होती. ती म्हणाली, "तुला गाठलं असतं गं मी. पण तुझ्यामागून जाताच येईना. प्रत्येक वेळी लांबून वळसा घालावा लागत होता." मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "का कुणास ठाऊक."

शिवाजीनगरपासून एसटी भरलेली होती. नारायणगावपर्यंत बाया उभ्याने आल्या. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. आणि मी स्वतः खिडकीला चिकटून, आणखी थोडी जागा करून, बसले होते.

६

घरी पप्पा पेढे घेऊन दारातच उभे होते. मला बघून ते बाजूला झाले. दोन माणसांना वाट द्यावी एवढे बाजूला झाले.

आईने नुकताच हॉल पुसला होता. मी बूट काढले, पाय धुतले, पुसले आणि आत आले. मला कोरड्या पायांनी चालायची शिस्त आहे. तरी आई किंचाळली, "आगं, आत्ता पुसलंय मी! पाय पुसून याया काय झालं?"

मी मागे वळून बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

माझ्या मागे, ओल्या फरशीवर, दारापासून माझ्यापर्यंत पावलं उठली होती. उजवं पाऊल, पाचही बोटं. मग डाव्याच्या जागी नुसता एक ओढल्याचा फराटा. उजवं. फराटा. शेवटचं उजवं पाऊल माझ्या टाचेपासून वीतभर मागे होतं.

फरशी वाळत गेली तशी ती पुसट झाली. मग पप्पांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज तीसवरून आठवर आणला. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "आभिनंदन."

त्या दिवसापासून लग्नाचा विषय बंद झाला. गोरखच्या वडिलांनीच फोन करून कळवलं. आमच्या घरात त्यांना जरा दाटीवाटी वाटली म्हणे.

मी जिंकले होते. फक्त लेखी परीक्षा पुढच्या रविवारी होती आणि त्याआधी मला पुण्याला अभ्यासिकेच्या हॉस्टेलवर जायचं होतं. एका खोलीत सहा मुली. सातव्याला खाट नव्हती. आत्ता घरीसुद्धा मी रात्री कूस बदलली की खाटेखाली काहीतरी घासत बाजू बदलायचं. पुस्तक घेऊन बसले की मागे, अगदी जवळ, कुणीतरी उभं राहून पायावरचं वजन सारखं बदलत राहायचं. दुखऱ्या पायाने उभं राहणारा माणूस बदलतो तसं. परीक्षेच्या हॉलमध्ये हे माझ्या मागे उभं राहणार, आणि मला भारताच्या घटनेवरचे प्रश्न सोडवायचे.

शेवटी मी आत्यापुढे जाऊन बसले. मला हे वाक्य फार जड गेलं.

"आत्या, उलटं कसं ओलांडायचं?"

आत्याने मला भरपूर वेळ ताटकळत ठेवलं. तो तिचा हक्क होता. "किती येळा वलांडलंस?"

"दोनशे चाळीस."

"आगं माझे आई." ती कपाळाला हात लावून बसली. "तेवढंच उलटं. पन त्ये निजल्यावर. उभ्याला कसं वलांडशील?"

७

शुक्रवारी दुपारी जेवणानंतर आम्ही त्याला निजवायला बसलो. दुसरा शब्द नाही. आईने मधोमध चांगली मऊ गोधडी अंथरली. खिडक्यांचे पडदे ओढले. टीव्ही बंद. मांजर बाहेर. पप्पा सोफ्यावर बसून, ज्या आवाजात मी त्यांना कधीच काही बोलताना ऐकलं नाही, त्या आवाजात म्हणत होते, "नीज बाबा. पोरीला परीक्षेला जायचंय. नीज."

मी भिंतीला टेकून गप्प बसले होते. मागचं चुळबुळणं थांबलं. थप्, सर्र. थप्, सर्र. हॉलभर एक चक्कर झाली. बाहेर म्हैस रवंथ करत होती तेसुद्धा ऐकू येत होतं. मग गोधडीच्या कडेची एक घडी सावकाश मोडली आणि गोधडी मधोमध दबली. डोक्याकडे थोडी, कमरेकडे जास्त.

आत्याने मला खूण केली.

मी स्वयंपाकघराच्या बाजूने निघाले. डावा पाय उचलला, ओलांडला, समोरच्या दाराने बाहेर. घराला वळसा, गोठा, परसदार. पुन्हा. म्हशीने मान वर केली. आई बोटांवर मोजत होती, पप्पा भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारत होते, आत्या नुसतेच ओठ हलवत होती. पन्नास. शंभर. माझा घोटा ठणकायला लागला. दीडशे. प्रत्येक वेळी ओलांडताना मी खाली बघत होते. गोधडी अगदी हळू वर यायची आणि खाली जायची. दोनशे. पप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोनशे तीस. दोनशे पस्तीस. दोनशे अडतिसावी फेरी संपवून मी परसदाराने आत आले, आणि मला डाळ शिजल्याचा वास आला.

मी ओट्याकडे बघितलं. मग हॉलमध्ये आईकडे बघितलं. आईनेही वास घेतला आणि तिचा हात तोंडावर गेला.

"मंगल," पप्पा नुसते ओठ हलवून म्हणाले, "कुकर लावला का काय तू?"

"आवो, मगाशी पानी प्याया उठले, तवा रात्रीच्याला म्हनून..."

मी गॅसकडे झेप घेतली. माझा हात बटणापर्यंत पोचायच्या आत शिट्टी झाली. आमच्या कुकरची शिट्टी नदीपलीकडे ऐकू जाते.

शिट्टी संपली. मी दारातून बघितलं. तिघं भिंतीला चिकटून उभी होती आणि फरशीवर गोधडी पडली होती, सपाट, एका कोपऱ्याला थोडी विस्कटलेली. दुपारच्या झोपेतून कुणी चांगलं ताजंतवानं होऊन उठावं तशी.

"दोन ऱ्हायल्या," आत्या म्हणाली.

मी न हलता ऐकत राहिले. माझ्या पाठीमागे, ओट्यापाशी, एक पाऊल पडलं. थप्.

मी दुसऱ्याची वाट बघितली. ते घासत आलं नाही. त्या लागल्या दिवसाला बरोबर पाच आठवडे झाले होते, आणि श्रेया म्हणते, विश्रांती मिळाली की घोटा बरा होतो.

थप्.